रुमालातून पडद्यावर : परभणीच्या जमीन दप्तराचा दीडशे वर्षांचा प्रवास

१/२४
"डिजिटल परिवर्तन" हे शब्द आज प्रत्येक संस्थेच्या अहवालात आढळतात. संगणक येण्यापूर्वी संस्था जणू कधी बदललीच नव्हती, असा त्यांचा सूर असतो. परभणी जिल्ह्याच्या जमीन दप्तराकडे पाहिले की हा समज टिकत नाही. या दप्तराने दीडशे वर्षांत राजभाषा बदलली, लिपी बदलली, सन बदलला, नाणे बदलले, मापे बदलली आणि अखेरीस कागदही मागे टाकला. आजचा थ्रेड या प्रवासाविषयी.

२/२४
वाचताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. नोंद कोणाच्या ताब्यात आहे? ती बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि ती चुकली तर दाद कोठे मागायची? या तिन्हींची उत्तरे बदलली की संस्था बदलते. तीच राहिली, तर केवळ लेखणीच्या जागी कळफलक येतो.

३/२४
आरंभ जुन्या हैदराबाद संस्थानापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानातील महसूल मोठ्या प्रमाणावर इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने वसूल होई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि रयतेकडून जमेल तितके घेई. वरचे हिशेब हैदराबादेत वंशपरंपरागत दफ्तरदारांच्या घराण्यांकडे असत. दरबाराला आपल्याच मुलखाचा महसूल जाणून घ्यायचा, तर त्यांच्याकडेच विचारणा करावी लागे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साधे होते : नोंद खाजगी हाती होती.

४/२४
१८५३ मध्ये मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, दिवाण झाले. खजिना रिकामा होता आणि त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. सालारजंगांनी मक्त्याची पद्धत मोडीत काढण्यास घेतली. पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले. १८६५ च्या "जिलाबंदी"ने संस्थानाची जिल्ह्यांत आणि तालुक्यांत नियमित विभागणी झाली. परभणी हा त्या रचनेतला जिल्हा. जिल्ह्याच्या प्रमुखास अव्वल तालुकदार म्हणत.

५/२४
आजच्या भाषेत हेच "संस्थात्मक परिवर्तन". यंत्र एकही नव्हते. कागद, बोरू आणि शाई तीच होती. मात्र हिशेब मक्तेदाराच्या वाड्यातून सरकारी कचेरीत आला आणि वसूल करणारा माणूस नफ्याऐवजी पगारावर जगू लागला. दप्तराच्या इतिहासातले कदाचित सर्वांत मोठे स्थित्यंतर संगणकाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी घडून गेले होते.

६/२४
पुढची पायरी मोजणीची. मराठवाड्यातील जमीन मोजण्यासाठी संस्थानाने शेजारच्या मुंबई इलाख्याची पद्धत स्वीकारली : शेताच्या हद्दी ठरवून त्याला सर्व्हे नंबर द्यायचा, जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची, त्यावर आकार बसवायचा. गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या काठची काळी जमीन आता "अमक्याचे वावर" या ओळखीबरोबर एका आकड्यानेही ओळखली जाऊ लागली. माहिती माणसाच्या स्मरणातून तक्त्यात उतरली ती येथे.

७/२४
परंतु गावच्या पातळीवर जुनी व्यवस्था टिकून होती. पाटील वसुली पाही, पटवारी लेखन करी. दोन्ही पदे बहुधा वंशपरंपरेची. पटवाऱ्याचे कागद कापडात बांधून त्याच्या घरी राहत. त्या गाठोड्याला कोठे रुमाल म्हणत, कोठे बस्ता. नोंद ठेवणारा, ती वाचू शकणारा आणि ती बदलू शकणारा एकच माणूस होता. गावात वाचता येणारे मोजके. त्यामुळे रुमालाची गाठ सोडणाऱ्या हातात मोठी सत्ता होती.

८/२४
त्यात भाषेचे थर होते. संस्थानाची राजभाषा आधी फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. गावातला पटवारी मात्र मराठीत, मोडी लिपीत लिही. गावचा कागद तालुक्याला पोहोचला की त्याचा गोषवारा उर्दूत होई. प्रत्येक उंबरठ्यावर एक भाषांतर आणि प्रत्येक भाषांतरात चुकीला वाव. शेतकऱ्याचे नाव मोडीत एक, उर्दूत दुसरे, अशी तफावत पुढे कित्येक घरांना छळणार होती.

९/२४
सनही निराळा. महसुली वर्ष फसली होते. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळमानाने मिळतो. १२७५ फसली म्हणजे १८६५-६६. महिन्यांची नावे इराणी पंचांगातली : आजूर, दय, बहमन, इस्फंदार. आज आजोबांच्या काळातला कागद हाती आला आणि त्यावर १३४० असा आकडा दिसला, तर गोंधळून जाऊ नये. तो कागद १९३०-३१ चा आहे.

१०/२४
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि ज्या गावांचा महसूल जहागीरदारांकडे जाई, ती गावे सरकारी दप्तरात आली. १३५८ फसलीच्या, म्हणजे १९४८-४९ च्या विनियमाने हैदराबाद राज्यात हक्कनोंदणीस कायद्याचा आधार मिळाला. १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर येणे ही जीवनमरणाची बाब ठरली. पाहणीच्या रकान्यात नाव आले, तर जमिनीवर हक्क सांगता येणार होता. ते गळले, तर तोंडी साक्षीखेरीज हाती काही उरणार नव्हते.

११/२४
याच काळातील १९५४-५५ ची खासरा पाहणी मराठवाड्यात आजही न्यायालयांत दाखवली जाते. जुन्या वहिवाटीचा वाद निघाला की वकील प्रथम खासरा पत्रक मागतात. गावोगावी शेतनिहाय मालक, कब्जेदार आणि कूळ यांची नोंद त्यात झाली. सत्तर वर्षांपूर्वी भरलेला एक रकाना आजच्या वादाचा निकाल फिरवू शकतो, इतके वजन त्या पत्रकाला आहे.

१२/२४
नाणेही याच सुमारास बदलले. संस्थानाचा रुपया "हाली सिक्का", भारताचा "कलदार". दर असा की ७ हाली म्हणजे ६ कलदार. शंभर हालींचा आकार कलदारात सुमारे ८५ रुपये ११ आणे होई. हा हिशेब बसतो न बसतो तोच १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. पुढे एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. १ हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. एकत्रीकरण योजना झालेल्या गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. या प्रत्येक रूपांतराच्या वेळी कोणीतरी कारकून बसून संपूर्ण नोंदवही नव्याने लिहून काढत होता.

१३/२४
१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. एका दप्तराच्या तीन शाखा झाल्या. सेतवार, खासरा, पाहणी हे शब्द तिन्हीकडे राहिले. कायदे मात्र पुढे वेगळे होत गेले. ही तीन भावंडे पुन्हा भेटणार आहेत.

१४/२४
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. १९७१ च्या नियमांनी गाव नमुने निश्चित झाले. नमुना ७ हा अधिकार अभिलेख, नमुना १२ ही पिकांची नोंदवही. दोन्ही एका पानावर म्हणून "सातबारा". नमुना ६ फेरफारांचा, ८-अ खातेदाराचा. वंशपरंपरागत पटवाऱ्याच्या जागी पगारी, बदली होणारा तलाठी आला. फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीस पंधरा दिवस ठेवायचे आणि प्रमाणित वरिष्ठाने करायची, अशी शिस्त बसली. लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा झाला. हेही परिवर्तनच, तेही कागदावरचे.

१५/२४
संगणकाकडे वळण्यापूर्वी थोडे विषयांतर. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये संगणकाची तुलना विजेच्या डायनॅमोशी केली. अमेरिकेतील कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी विजेची मोटर बसवली. एका लांब दांड्यावरून पट्टे लावून सारी यंत्रे पूर्वीप्रमाणेच फिरत राहिली आणि उत्पादन फारसे वाढले नाही. खरा लाभ काही दशकांनी झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा.

१६/२४
आपल्याकडेही आधी दांडा तोच राहिला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतील एकेका जिल्ह्यात सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. दीर्घकाळ काम एवढेच होते : हस्तलिखित सातबारा पाहून टंकणे आणि छापून देणे. छापील उतारा दिसे सुबक. मूळ सत्ता तलाठ्याच्या हातातल्या वहीतच होती. संगणक तिचा टंकलेखक होता.

१७/२४
टंकताना चुका झाल्या. आडनाव सुटले, शेतकऱ्याच्या नावातली वेलांटी बदलली, आणेवारीचा हिस्सा चुकला, सामाईक खात्यातल्या बहिणीचे नाव गळाले. शिवाय एक अडचण जुनीच होती. हाताने लिहिलेल्या वहीत खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली नाही तरी काम चाले. यंत्राला ते चालेना. पिढ्यांपिढ्यांची झाकलेली विसंगती पडद्यावर उघडी पडली. ही संगणकाची चूक नव्हती. त्याने आधीच्या सर्व भाषांतरांचे थकीत बिल पुढे केले होते. पण ते भरायचे कोणी? पीक कर्जासाठी बँकेच्या दारात उभ्या असलेल्या खातेदाराने. उताऱ्यातली एक चुकलेली वेलांटी त्याचा हंगाम अडवू शकत होती.

१८/२४
यावर जो उपाय झाला तो या कथेचा गाभा आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर "चावडी वाचन" झाले. संगणकातला सातबारा छापून गावात आणायचा, ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचायचा, ज्याला चूक दिसेल त्याने तेथेच सांगायची. मग तहसीलदारांच्या आदेशाने, संहितेच्या कलम १५५ खाली, लेखनदोष दुरुस्त करायचा. अत्याधुनिक प्रणालीची पडताळणी अखेर गावाच्या कानांनी केली. शेजाऱ्याचा बांध कोठवर आहे हे जाणणारा म्हातारा त्या दिवशी कोणत्याही आज्ञावलीपेक्षा मोलाचा होता.

१९/२४
त्यानंतर मांडणी खऱ्या अर्थाने बदलली. ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखताची माहिती थेट महसूल यंत्रणेकडे जाते. तलाठी फेरफार घेतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि प्रत्येक पावलाची वेळ नोंदली जाते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आज १५ रुपये भरून तो कोठूनही काढता येतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या गंगाखेडच्या मुलाला उताऱ्यासाठी रजा घ्यावी लागत नाही. रुमालाची गाठ सुटली ती येथे.

२०/२४
१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना १२ ची लेखणी शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये आली. पटवारी जे पीक "पाहून" लिही, ते आता कसणारा स्वतः छायाचित्रासह नोंदवतो. अधिकार आला, त्यासोबत जबाबदारीही आली. नोंद वेळेत झाली नाही तर उतारा कोरा दिसतो आणि मदतीच्या वेळी तोच कोरेपणा आड येतो. ज्याच्या घरी चांगला मोबाइल नाही किंवा ज्याच्या शिवारात जाळे नाही, त्याला आजही दुसऱ्याच्या हाताची गरज लागते. मध्यस्थ नाहीसा झाला, असे म्हणण्याची घाई करू नये.

२१/२४
आता ती भावंडे. कर्नाटकाने २००० च्या सुमारास "भूमी" प्रणाली आणली आणि हस्तलिखित उतारे बंद केले. बीदर-रायचूरही त्यात आले. तेलंगणने सप्टेंबर २०२० मध्ये ग्राम महसूल अधिकाऱ्याचे पदच रद्द केले आणि २९ ऑक्टोबर २०२० रोजी "धरणी" संकेतस्थळ सुरू केले. व्यवहार झटपट होऊ लागले. परंतु महसुली न्यायालये गेली होती आणि साध्या चुकीची दुरुस्ती दुष्कर झाली. तक्रारी साचत गेल्या. २०२५ मध्ये "भू भारती" कायदा आणून अपिलाची वाट पुन्हा उघडावी लागली. एकाच निजामी दप्तराचे हे दोन वारस, आणि धडा एकच : नोंद कितीही वेगवान झाली तरी चूक सांगण्याची जागा काढून टाकता येत नाही.

२२/२४
मराठवाड्याने जुने कागद पुन्हा बाहेर काढले ते २०२३ मध्ये. मराठवाड्यातील मराठा समाजास कुणबी प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरवण्यासाठी न्यायमूर्ती (निवृत्त) संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा, पाहणी, कूळ नोंदवह्या अभिलेख कक्षांतून काढून तपासल्या गेल्या, त्यांच्या प्रतिमा टिपल्या गेल्या. त्या मागणीची राजकीय चर्चा हा या थ्रेडचा विषय नाही. दप्तरापुरते एवढेच नोंदवायचे की पानाची प्रतिमा क्षणात निघते, पण मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस क्षणात घडत नाही. वाचक नसेल तर सर्वोत्तम प्रतिमाही बंद रुमालच असते.

२३/२४
आणखी एक. २०२५ मध्ये बुलढाण्यातून सुरू झालेली "जिवंत सातबारा" मोहीम १ एप्रिलपासून राज्यभर राबवली गेली. उद्देश असा की मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागावीत. विचार करावा : उतारा डिजिटल, स्वाक्षरी डिजिटल, आणि मालकाच्या रकान्यात दिवंगत आजोबा. यंत्राने नोंद विश्वासूपणे जपली. ती खरी ठेवण्याचे काम त्याचे नव्हतेच. ते काम चावडीचे, कचेरीचे आणि घराचे. वारसाची नोंद लांबली की बहुधा विधवा सून आणि सासरी गेलेली लेक यांचाच हक्क लांबणीवर पडतो.

२४/२४
२०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम "ग्राम महसूल अधिकारी" झाले. पटवारी, तलाठी, ग्राम महसूल अधिकारी. फारसी, उर्दू, मराठी. मोडी, देवनागरी, युनिकोड. नावे बदलत राहतील. संस्थेचे परिवर्तन झाले की नाही, हे तिच्या संगणकांच्या संख्येवरून ठरत नाही. चूक दाखवणाऱ्या माणसाला ती कोठे बसवते, यावरून ठरते. परभणी, पाथरी, जिंतूर, सेलू, कोठेही आपले शेत असेल तर एक करावे. या आठवड्यात आपला सातबारा काढावा, घरातल्या जुन्या कागदांशेजारी ठेवावा आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. ती आपल्या घरची चावडी. चूक सापडली तर अर्ज करावा, आणि जुना कागद नीट बांधून ठेवावा. थ्रेड समाप्त.